न प्यालेली दारू

आमच्या ह्यांनी जन्मात दारू प्यायली नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते बोलताना माझा आवाज मलाच भांडकुदळ बाईसारखा ऐकू येतो. असू दे. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी तेव्हा ऐकलं नाही. आता त्यातले बरेच जण राहिले नाहीत. पण म्हणून माझा राग निवला असं कुणी समजू नये.

हे मोटार चालवायचे. महाडहून पोलादपूर आणि तिथून कापड्यावरून पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत एक सर्व्हिस मोटार जायची, तिचे हे ड्रायव्हर. लहानपणी मुंबईला गेले, एका गॅरेजात क्लीनर म्हणून राहिले, तिथंच चालवायला शिकले, आणि आपल्या भागात मोटार सुरू झाली म्हटल्यावर परत आले. स्वभावानं अगदी थंड माणूस. रस्त्यात बैलगाडी आडवी आली तर भोंगा वाजवायचे नाहीत, बैल बुजतील म्हणून. गाडीवान बाजूला घेईपर्यंत इंजिनाची घरघर ऐकत बसून राहायचे. जेवणही बेताचं. मी माहेरी उमरठला गेले की माझी आई म्हणायची, "तुझा नवरा पाखरासारखा खातो गो."

तो माणूस एका पावसाळ्यानंतर बदलला.

आधी भूक वाढली. भाकऱ्या थापता थापता माझे हात दुखायचे, आणि हे "अजून एक दे" म्हणायचे. मला बरं वाटायचं. पण अंगाला काही लागेना. उलट सदरा खांद्यावरून लोंबायला लागला, गालांची हाडं वर आली. मग घाम. पोलादपूरला ऐन थंडीत आम्ही गोधडीत गुरफटून झोपायचो, आणि हे उघड्या अंगानं पडवीत. झोप म्हणावी अशी नव्हतीच. बशीतला चहा ओठापर्यंत जाईतो अर्धा धोतरावर. हात सारखा बारीक कापायचा. दिवसातून कितीदा तरी परसाकडे जायचे. आणि राग! बैलगाडीसाठी वाट बघणारा हा माणूस आता गाडीवानाच्या अंगावर धावून जायला लागला. मग घरी येऊन कपाळाला हात लावून बसायचे. "मला काय झालंय गो? छातीत सारखी धडधड धडधड चालू असते," असं मला म्हणायचे.

सगळ्यात वाईट झाले ते डोळे. खोबणीतून पुढे आल्यासारखे दिसायला लागले. सहज बघितलं तरी वटारून बघतात असं वाटायचं. गळ्याखाली दोन्ही बाजूंना सूज धरली होती, सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं. एवढं सगळं उघड्यावर होतं. रोज ज्यांच्यात उठबस, त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आणि गावानं ठरवलं की ड्रायव्हर पितो.

हात कापतो, पितो. वाळत चाललाय, पितो. डोळे तांबडे, पितो. भांडतो, पितो. एकदा हे ठरल्यावर कुणाला पुढं काही बघायची गरज राहिली नाही. मोटारीचे मालक महाडचे, मोठे देवभक्त. ते स्टँडवर चार लोकांत म्हणाले, "सकाळी मिळाली नाही की असाच हात कापतो." जसं काय स्वतः पेला भरून देत होते! आमच्या गावात खरे पिणारे थोडेथोडके नव्हते. त्यांना कुणी कधी जाब विचारला नाही. हे मात्र रोज कुणाला ना कुणाला जाब देत उभे.

त्यात आमचे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. माळकरी माणूस, गावात शब्दाला वजन. मुलगा पितो असा मालकांचा निरोप आला तसे ते पडवीत उभे राहिले आणि कामावरून आलेल्या मुलाला म्हणाले, "तोंड उघड."

"आबा, मी घेतली नाय."

"उघड म्हणतो ना!"

बाप्या माणूस, एका मुलीचा बाप, त्यांनी तोंड उघडलं. आबांनी नाक जवळ नेऊन वास घेतला. वास येणार कुठून? तर म्हणतात, "पान खाऊन वास लपवतो." पुढं कितीतरी दिवस हेच. हे घरात आले की आधी पडवीत वास घ्यायचा, मग पाय धुवायचे. शेवटी आबांनी देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. ह्यांनी कापत्या हातानं बेल आणि भंडार उचलला, "मी दारू घेत नाय," म्हणून शपथ घेतली. भंडार बोटांतून सांडला. झालं! हात कापला म्हणजे शपथ खोटी. देवळातून बाहेर पडायच्या आत गावभर झालं.

मी भांडले. आबांशी भांडले, शेजारणींशी भांडले. "माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा मी वास घेत नाय होय? मला कळणार नाय?" तर एक शेजारीण मला बाजूला घेऊन सांगते, चहात घालायची एक मुळी असते, तिनं दारू सुटते. मी तिची मुळी तिच्याच अंगणात भिरकावली.

हे महाडच्या सरकारी दवाखान्यातही एकदा जाऊन आले होते. तिथं हिवताप म्हणून कोयनेल दिलं. कडू पाणी पिऊन कान वाजायला लागले, बाकी काही नाही.

मग दाताचं निमित्त झालं. खालची दाढ किडली होती, गाल सुजला, आत पू धरला. महाडच्या बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून ह्यांनी ती उपटून घेतली. रक्त थांबेना, ठणका सोसेना. तेव्हा स्टँडवरच्या बुकिंगच्या कारकुनानं, चांगल्या मनानंच असेल, मोहाच्या दारूत कापूस भिजवून दिला आणि म्हणाला, "गालात धर. ठणका मरेल." ह्यांनी धरला. घरी येऊन मला सांगितलंही, "आज माझ्या तोंडाला खरंच वास येतोय गो. आबांना तू सांग." मी सांगितलं. आबा तोंड फिरवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचं अंग गरम लागत होतं. मी म्हटलं, "आज जाऊ नका." म्हणाले, "नाय गेलो तर म्हणतील, चढली असेल." कारकुनानं बाटलीत दिलेल्या थोड्या दारूत नवा कापूस भिजवला, गालात धरला आणि गेले.

दुपारी जेवणं उरकायच्या वेळेला मोटारीचा क्लीनर धावत आला. "वहिनी, चला लवकर. डायव्हरनी लय घेतली हाय."

वाटेत त्यानं सांगितलं ते असं. येतीच्या फेरीला कापड्याच्या पुढं आल्यावर ह्यांनी मोटार कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. खाली उतरून चाकाला दगड लावला. मग सदरा काढून टाकला, उतारानं नदीवर गेले आणि धोतरासकट पाण्यात आडवे झाले. "जळतोय, जळतोय," असं ओरडत होते. उतारूंनी ओढून बाहेर काढलं तर त्यांच्याशी भलतंच बोलायला लागले. क्लीनरनं कशीबशी गाडी पोलादपूरला आणली.

मी त्याला विचारलं, "अरे, ज्याला प्यालेला म्हणतोस त्यानं चाकाला दगड लावला काय?"

तो मान खाली घालून भराभर पुढं चालायला लागला.

स्टँडच्या छपराखाली माणसं जमली होती. हे मधल्या खांबाला बांधलेले. हो, बांधलेले. सामान बांधायच्या दोरानं. का, तर सारखे उठून मोटार सुरू करायला जातात म्हणून. धोतर घाण झालं होतं, वांती झाली होती, अंगावर माश्या बसत होत्या, आणि लोक हसत होते. मी ते हसणं अजून विसरलेले नाही. कोण कोण हसत होतं तेही सांगू शकते. नावं घेत नाही, त्यांची नातवंडं माझ्या दारावरून शाळेला जातात.

मी कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. असा ताप मी आजवर बघितला नव्हता. गळ्याची शीर इतकी जोरानं उडत होती की लांबूनही दिसली असती, कुणी बघितलं असतं तर. छातीवर हात ठेवला तर धडधड मोजता येईना. एका ठोक्यावर दुसरा चढत होता. हे माझ्याकडे बघत होते त्या पुढं आलेल्या डोळ्यांनी, आणि मला म्हणाले, "बाई, तिकीट काढलंत काय?"

"अहो, मी हाय!"

"तिकिटाशिवाय बसू नका. मालक रागावतात."

मी दोर सोडायला लागले. तिथं पोलीस शिपाई उभा होता. तो म्हणाला, "राहू दे बाई. ताक पाज, उतरेल."

"भाजून निघालेत हे! दारूनं एवढा ताप येतो काय? हात लावून बघा."

त्यानं हात लावला नाही. कुणीच लावला नाही. तोंडाचा वास घ्यायला पुढं यायचे, अंगाला हात लावायला कुणी नाही. आबा छपराच्या कडेला पाठ करून उभे होते. मी त्यांना म्हटलं, "आबा, महाडला न्यायला पाहिजे. आता."

"मी दारुड्यामागं येणार नाय."

समोर मोटार उभी होती. ह्यांचीच मोटार. ती आता महाडलाच निघाली होती. मालक त्या दिवशी पोलादपूरलाच आले होते, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी चाकावर बसवलं होतं. मी मालकांच्या पायाशी गेले. ते म्हणाले, "उतारू बसलेत. अशा माणसाला आत कसं घेऊ?" मी उतारूंकडे बघितलं. पंचा नाकाला लावून एकेकानं मान फिरवली. मोटार निघून गेली.

कोळशाची पोती भरलेला एक मोटार-खटारा त्या दिवशी महाडला चालला होता. त्याचा धनी स्वतःच तो चालवायचा, महाडचा मुसलमान व्यापारी होता. तो हे सगळं बघत उभा होता. त्यानं विडी टाकली आणि म्हणाला, "चढवा. पण पोत्यांवर ओकला तर पोती तुम्ही धुवून द्यायची." मी हो म्हटलं. त्यानं आणि मागं राहिलेल्या क्लीनरनं उचलून ह्यांना पोत्यांवर टाकलं, मी वर चढले. मी ह्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते. वाटेत ओढ्याला पाणी होतं तिथं त्यानं न सांगता खटारा थांबवला. मी पदर भिजवून आणला, ह्यांच्या छातीवर पसरला. थोड्या वेळात पदर वाळून गेला. तो पुन्हा पुढच्या पाण्याला थांबला. पोती धुवून घ्यायला मात्र तो पुढं कधी आला नाही.

महाडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते, गावोगाव फिरतीवर गेले होते. कंपाउंडरनं ओटीवरूनच हुंगलं. "अहो, हा तर भट्टीतून आलाय. झिंग उतरली की घेऊन या."

मी ह्यांच्या गालातला कापसाचा बोळा बोटानं काढला आणि त्याच्या टेबलावर आपटला. "ही बघा भट्टी! दाताला लावलेला कापूस हाय हा. ताप बघा की माणसाचा!"

तो घाबरला. पण ताप बघितला नाहीच. घाईघाईनं कोयनेलची बाटली भरून माझ्या हातात दिली.

महाडच्या बाजारपेठेत एक म्हातारे डॉक्टर होते. पलटणीच्या इस्पितळात काम केलेले, तिरसट म्हणून प्रसिद्ध. लोक त्यांच्याकडे जायला भ्यायचे. खटारेवाल्यानं आम्हाला त्यांच्या दारात आणून सोडलं. ह्यांना बाकावर निजवलं. डॉक्टर आतून चष्मा पुसत आले, आणि मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "मागे व्हा. उजेड येऊ द्या."

मी मागं झाले. ते खाली वाकले. आता वास घेतील म्हणून मी दात आवळून उभी होते. त्यांनी विचारलं, "डोळे असे किती महिन्यांपासून आहेत?"

तोंड सोडून डोळ्यांकडे बघणारा तो पहिला माणूस.

"बाई, डोळे! असे बाहेर आलेले. किती महिने?"

"पावसाळा सरल्यापासून."

त्यांनी ह्यांच्या गळ्याच्या सुजेवर बोटं ठेवली. मग नळी कानाला लावून ती छातीवर नव्हे, गळ्यावरच टेकवली आणि बराच वेळ ऐकलं. घड्याळ काढून नाडी मोजली. पुन्हा मोजली. ह्यांचा हात सरळ धरून पंजावर एक कागद ठेवला. तो कागद पानासारखा थरथरत होता.

"फार खातो? तरी वाळत चाललाय?"

"हो."

"थंडीतही उकडतं? घाम?"

"हो."

"झोप नाही. छातीत धडधड. चिडतो. परसाकडे सारखं जावं लागतं."

मी हो, हो म्हणत गेले. आणि मला रडू येण्याऐवजी संतापच आला. हे सगळं ह्या माणसाला बाकाशेजारी उभं राहून दिसलं. आणि आमच्या लोकांना इतक्या दिवसांत दिसलं ते काय, तर दारू!

डॉक्टर म्हणाले, "ही दारू नाही आणि हिवतापही नाही. ताप आहे, पण नुसत्या हिवतापानं नाडी एवढी पळत नाही. गळ्यात एक ग्रंथी असते, तिच्या रसावर शरीराचं काम चालतं. ह्याची ग्रंथी प्रमाणाबाहेर रस सोडते आहे, म्हणून इतके महिने हा आतून जळत होता. त्यात दाताचा पू भिनला. आता सगळं एकदम उधळलंय. ताप, ओकारी, जुलाब, बडबड, आणि ही नाडी. हे सगळं एकत्र आलं की तास-दोन तासही दवडायचे नसतात. हृदय दमून थांबेल." मग माझ्याकडे बघून त्यांनी आवाज चढवला. "इतके महिने काय करत होतात तुम्ही लोक?"

मी म्हटलं, "बेलभंडारा उचलत होतो."

ते वळून हात धुवायला गेले. पुन्हा मला कधी तसं विचारलं नाही. पण त्या क्षणी मला त्यांचाही राग आला होता, हे लिहून ठेवते. मला काय विचारता? मी एकटीच तर ओरडत होते.

सुई देऊन त्यांनी आधी ह्यांची तडफड शांत केली. कोयनेल मोरीत ओतून दिलं. विहिरीच्या पाण्यात चादरी भिजवून अंगावर घालायच्या, तापल्या की बदलायच्या. वारा घालायचा. साखर आणि मीठ घातलेलं पाणी चमच्यानं पाजायचं. आणि दुधातून आयोडिनचे तपकिरी थेंब, ते मात्र डॉक्टर स्वतः मोजून द्यायचे. डॉक्टरांची बायको चादरी पिळायला माझ्याबरोबर बसली. तिनं मला जेवायला वाढलं तेव्हा डॉक्टर दारातून म्हणाले, "खोटी आशा देत नाही. असा एक रोगी मी पूर्वी पाहिला होता, तो वाचला नाही." बायको त्यांच्यावर डाफरली, "तिला दोन घास तरी खाऊ द्या!"

ताप उतरायला तीन-चार दिवस लागले. तोवर हे कुणाकुणाला तिकिटं फाडून देत होते, अधूनमधून मला गाडीतून उतरवत होते. एके दिवशी सकाळी चादर बदलताना म्हणाले, "थंड लागतंय गो." मी चादर तशीच हातात धरून खाली बसले.

पोलादपूरहून त्या दिवसांत कुणी आलं नाही. आबा नाहीत, मालक नाहीत. क्लीनर एकदा येऊन दारातून बघून गेला.

थोडी ताकद आल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी ह्यांना मुंबईला नेलं. दासगावाहून होडीनं बाणकोट, तिथून आगबोट. तपकिरी थेंब एकही दिवस चुकवायचे नाहीत, मधेच बंद केले तर पुन्हा उधळेल, असं डॉक्टरांनी मला दटावून सांगितलं होतं. आगबोटीत ती बाटली मी पोटाशी धरून बसले होते. मोठ्या इस्पितळात गळा कापून ग्रंथीचा बराचसा भाग काढला. गळ्यावर आडवा व्रण राहिला, डोळे थोडे पुढं आलेलेच राहिले. पण हात थांबला. चहा बशीतून सांडेना. भाकऱ्या पूर्वीसारख्या दोन.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. माणूस वाचला, घरी आला. पण माझा खरा राग सुरू झाला तो घरी आल्यावर.

ह्यांना त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. कापड्याच्या शेतांजवळ गाडी कडेला घेतली, एवढंच शेवटचं. खांब नाही, दोर नाही, हसणारे लोक नाहीत. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे गो. त्यांना काय ठाऊक!" असं म्हणून सकाळी स्टँडवर गेले तर त्याच शिपायाला रामराम. त्याच खांबाला टेकून विडी.

मालक नारळ घेऊन घरी आले. "मी तेव्हाच म्हटलं होतं, ड्रायव्हरला बरं दिसत नाही."

मी पडवीत उभी राहिले, पदर डोक्यावर घेऊन, आणि म्हटलं, "शेठ, तुमची मोटार महाडलाच चालली होती. जागा होती. मी पाय धरले होते."

हे म्हणाले, "तू आत जा."

मी आत गेले नाही. "ह्यांना आठवत नाय. मला आठवतं."

मालक नारळ ठेवून निघून गेले. काही महिन्यांनी हे पुन्हा त्यांच्याच मोटारीवर गेले. दुसरी मोटार होती कुठं? मी अडवलं नाही. पण तो नारळ मी घरात फोडला नाही.

आणि आबा! आबा चावडीवर सांगायचे, "आमच्या पोराला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी कापला. लाखात एकाला होतो असा आजार." कौतुकानं सांगायचे! मी एकदा पाणी द्यायला गेले तेव्हा ऐकलं. "आबा, वास कुणी घेतला होता ते पण सांगा," असं म्हटलं चारचौघांत. ते उठून गेले. त्यानंतर त्यांना वेळेवर भाकरी दिली, आजारपणात पाय चेपले, पण कामापुरतं सोडून एक शब्द बोलले नाही. ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही, आणि बायकांनी त्यावरून मला नावं ठेवली. हे मात्र हमसून रडले. त्यांचा बाप होता. त्यांनी रडावं.

त्यानंतर कुणालाही ताप आला की मी डोळे बघते. गळा बघते. नाडी बघते, जमेल तशी.

काही वर्षांनी कापड्याला एक सून तापात बरळते असं कानावर आलं. नवरा मुंबईला. घरचे म्हणत होते, नदीवर लागीर झालं. मी तशीच गेले. पोरीचे डोळे हे एवढे मोठे. गळा मला भरलेला वाटला. अंग तापलेलं, बडबड चालू. मी तिच्या सासूला नको नको ते बोलले. "उद्या पोर मेली तर नदीला विचारणार काय?" ह्यांची मोटार आली तशी रस्त्यात आडवी उभी राहिले, पोरीला आत घातलं, सासूला दंड धरून बसवलं. ह्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. उतारूंपैकी एकजण कुरकुरला, त्याला ह्यांनी खाली उतरवलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं. गळ्याला नळी लावली, नाडी मोजली, पापण्या वर करून बघितल्या. मग माझ्याकडे वळले. "बाई, चुकलात. हिचे डोळे जन्मापासूनच मोठे आहेत. गळाही तसाच. हा हिवताप आहे, डोक्यात चढलेला. कोयनेलनंच बरं वाटेल."

सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठी डाक्तरीण आली!"

डॉक्टर तिच्यावर खेकसले, "गप्प बसा. हिवतापानंही माणूस मरतं. आणलीत हे बरं केलंत."

पोर बरी झाली. तिला घेऊन परतताना सासू माझ्या शेजारी बसली होती, अंग चोरून. कापड्याला उतरताना म्हणाली, "पुन्हा आमच्या दारात येऊ नको गो बाय."

मी म्हटलं, "पोरीला ताप आला की येणार. तू दार लावून घे, नाय तर काय कर."

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत कुंपणाआड गेली. ह्यांनी मागं वळून विचारलं, "झालं काय भांडून?"

"नाय झालं," मी म्हटलं, "चला."